वापरलेले कपडे आणि साड्या आमच्या दुकानाला विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे दुकान पुण्यात आहे. वापरलेले, पण आणखी काही वर्षे कोणाच्या तरी अंगावर राहू शकतील असे कपडे आम्ही विकत घेतो. त्यांत साड्या, लग्नसमारंभाचे पोशाख, मुलांचे कपडे, शाळेचे गणवेश आणि रोजच्या वापरातले सुती कपडे येतात. येथे घेतलेले प्रश्न काउंटरवर रोज विचारले जातात आणि गर्दीत त्यांची उत्तरे घाईने द्यावी लागतात. कपाट रिकामे करायला बसण्यापूर्वी आपण ही उत्तरे वाचलीत, तर आपली एखादी खेप वाचेल आणि आम्ही सांगितलेला भाव कशावरून ठरला हेही ध्यानात येईल.

कोणते कपडे आपण घेता आणि कोणते परत करता?

जो कपडा धुऊन, इस्त्री करून आणि फार तर एखादे बटण लावून उद्या कोणी बाहेर जाताना घालू शकेल, तो आम्ही घेतो. अंतर्वस्त्रे, मोजे, पोहण्याचे पोशाख आणि टॉवेल घेत नाही. पोलीस, लष्कर किंवा सुरक्षारक्षकांचे गणवेशही घेत नाही, कारण ते पुढे कोणाच्या हाती पडतील याची हमी आम्हाला देता येत नाही. नामांकित ब्रँडच्या नकला कितीही हुबेहूब आणि कोऱ्या असल्या तरी आम्ही परत करतो. खोटे व्यापारचिन्ह असलेला माल विकणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे आणि माल वापरलेला असल्याने त्यात फरक पडत नाही.

आठ हजारांना घेतलेल्या साडीला आपण सातशे रुपये कसे सांगता?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेकदा दुखावल्याची छटा असते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्हाला आवश्यक वाटते. आपण त्या साडीला काय मोजले, हे पुढच्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी ते त्या आकड्याकडे पाहून खरेदी करत नाही. शेजारच्या दुकानात पंधराशे रुपयांना कोरी साडी टांगलेली असताना ही जुनी साडी का घ्यावी, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. म्हणून साडी आमच्याकडे कितीला जाईल याचा अंदाज आम्ही आधी बांधतो. समजा, तो दोन हजार निघाला. त्यातून धुलाई, रफू, भाडे आणि वर्षभर न हललेल्या इतर मालाचा तोटा भरून काढावा लागतो. रोख पैसे देताना आम्ही अपेक्षित विक्रीच्या साधारण एक तृतीयांश रक्कम देतो. सातशेचा आकडा येतो तो असा.

आहेरात आलेली, आईने पहिल्या दिवाळसणाला घेतलेली, मुलीच्या बारशाला नेसलेली, अशी साडीची ओळख सांगितली जाते, तेव्हा आम्ही ती मनापासून ऐकतो, पण भावात ती धरता येत नाही. जी साडी आठवणीसाठी मोलाची आहे, ती विकायला आणूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आठवणीची किंमत न मिळाल्याचे दुःख सातशे रुपयांनी भरून येत नाही आणि सात हजारांनीही येत नाही.

भाव कशाने उतरतो? वयाने तितका उतरत नाही, जितका कपाटातल्या मुक्कामाने उतरतो. एकदा नेसून पंधरा वर्षे एकाच घडीत पडून राहिलेल्या साडीपेक्षा वीसदा नेसलेली आणि दर वेळी वाऱ्यावर घालून नव्याने घडी केलेली साडी आमच्याकडे जास्त किंमत मिळवते. जे नेसले जाणार नाही हे आपल्याला कळून चुकले आहे, ते त्याच वर्षी आणावे.

रोख घ्यावे की जांगड ठेवावे?

जांगड हा व्यापारातला जुना शब्द आहे. माल दुकानात राहतो, मालकी आपली राहते, विकला गेला तर आपल्याला पैसे मिळतात आणि न विकला गेल्यास माल परत मिळतो. आमच्याकडे जांगडीची मुदत ९० दिवसांची असून विक्रीच्या रकमेतील ६० टक्के आपल्याला मिळतात. वरच्या उदाहरणातील साडी दोन हजारांना गेली तर जांगडीत बाराशे रुपये हाती येतील, पण ते कदाचित तीन महिन्यांनी येतील आणि कदाचित येणारच नाहीत.

शर्ट, कुर्ते, जीन्स आणि मुलांचे कपडे रोखीने देऊन मोकळे व्हावे. हातमागाची रेशमी साडी, शालू, शेरवानी, घागरा असा एकेकटा आणि किमती नग जांगड ठेवावा, कारण त्याला योग्य गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो आणि रोख भाव सांगताना हा धोका आम्ही आमच्या बाजूने कापून घेतलेला असतो. जांगड पावतीवर नगाचे वर्णन, त्यावरील आधीचे डाग आणि ठरलेली किमान किंमत लिहून घ्यावी. दुकानात असताना नगाला काही झाले, तर त्या किमान किमतीतील आपला वाटा आम्ही भरून देतो. अन्य कोणत्याही दुकानात माल ठेवतानाही ही अट पावतीवर असल्याची खात्री करूनच ठेवावा.

कापड तपासताना आपण नेमके काय पाहता?

आम्ही कपडा प्रथम खिडकीपाशी नेऊन उजेडावर धरतो. ट्यूबलाइटखाली जे कापड धडधाकट दिसते, ते सूर्यप्रकाशात कोठे विरले आहे हे लगेच उघडे पडते. शर्टाची कॉलर आणि कफ, काखेतील पिवळटपणा, जीन्सच्या मांड्यांमधील झीज, पँटीची चेन आणि ड्रेसचे अस्तर आम्ही ठरलेल्या क्रमाने पाहतो. साडीच्या बाबतीत खांद्यावर पिन लावण्याची जागा, टाचेखाली येणारा काठ आणि निऱ्या खोचण्याचा भाग तपासतो. रोज पिन लावलेल्या साडीला खांद्याशी बारीक भोकांची रांग पडलेली असते आणि ती घरच्या माणसाच्या लक्षातही आलेली नसते.

एका भगिनींनी लग्नातला शालू आणला होता. मलमलीत गुंडाळलेला, एकदाच नेसलेला, रंग जसाच्या तसा. त्यांनी घडी उलगडायला घेतली आणि पहिल्याच मोडीवर रेशीम वाळल्या पानासारखे कुरकुरत फाटत गेले. बावीस वर्षांत ती घडी एकदाही बदलली गेली नव्हती. जरीची तार त्याच रेषेवर इतकी वर्षे वाकलेली राहिली होती आणि तिने रेशमाला कापून काढले होते. दोन घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्याही थेट ठेवलेल्या होत्या व त्यांच्या भोवती जर काळवंडली होती. तो शालू आम्हाला घेता आला नाही. जरीची साडी विकायची असो वा ठेवायची असो, दर तीन-चार महिन्यांनी तिची घडी दुसऱ्या ठिकाणी मोडावी आणि गोळ्या ठेवायच्याच असल्या तर पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवाव्यात, ही विनंती आम्ही तेव्हापासून प्रत्येकाला करतो.

कपडे धुऊन आणावेत का?

सुती आणि रोजचे कपडे धुऊन, कडकडीत वाळवून आणावेत, मात्र खळ घालू नये, कारण खळीमुळे कसर (कापड खाणारी कीड) लागते. रेशीम घरी धुऊ नये. महागडे ड्रायक्लीनही आधी करून घेऊ नये, कारण त्याचा खर्च भावात निघेलच असे नाही. सर्व खिसे, पर्सचे कप्पे आणि साडीच्या पदराची गाठ पाहून घ्यावी.

पैठणी हातमागाची आहे की यंत्रमागाची, हे आपण कसे ओळखता?

पदर उलटा करून ओळखतो. हातमागाच्या पैठणीच्या पदरावर मोर, मुनिया, असावली किंवा कमळ विणताना कारागीर प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या आकृतीपुरताच फिरवतो आणि शेजारच्या रंगात गुंतवून परत आणतो. त्यामुळे पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलट्या बाजूसारखीच दिसते. यंत्रमागावर काढलेल्या नक्षीच्या मागे एका बुट्ट्यापासून दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत धागे मोकळे धावतात, किंवा ते कापलेले दिसतात. बोट फिरवले तरी फरक जाणवतो.

यंत्रमागाची साडी वाईट असते असे नाही. तीही आम्ही घेतो, फक्त तिच्या भावाने. आपल्या साडीबद्दल हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, कारण घेताना तिला नुसते पैठणी म्हटलेले असते. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागात पारंपरिक पद्धतीने विणलेल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले असले, तरी प्रत्येक दुकानदार ते पाळतोच असे नाही. खरेदीची पावती, अस्सल रेशमासाठी २००४ पासून दिले जाणारे सिल्क मार्कचे लेबल, किंवा हातमागासाठी २००६ पासूनची हँडलूम मार्कची पट्टी जपून ठेवली असेल तर ती जरूर आणावी. गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो आणि विश्वास बसला की भावही वाढतो.

जुनी जर वजनावर घेणारे दारावर येतात. त्यांना साडी द्यावी का?

साडी काठ-पदरासकट जीर्ण झाली असेल तर द्यावी. नेसण्याजोगी असेल तर कृपा करून देऊ नये. या प्रश्नावर आमचे मत ठाम आहे.

अस्सल जर म्हणजे धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. अशी साडी जाळून तिच्यातील चांदी काढली जाते आणि म्हणून तिला वजनावर भाव मिळतो. पण गेल्या काही दशकांतील बहुसंख्य साड्यांत चांदीऐवजी तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली ‘टेस्टेड’ जर असते, किंवा निव्वळ प्लॅस्टिकची चमकी असते. काठाच्या कडेला सुटलेला धागा नखाने खरवडून पाहावा. प्लॅस्टिकचा पापुद्रा सोलून निघतो. धातू असल्यास तार उलगडत येते आणि आतला धागा दिसतो, परंतु ती तार चांदीची की तांब्याची, हे ओळखीच्या सराफाकडूनच पाहून घ्यावे. भाव सांगणाऱ्याने काढलेल्या निष्कर्षावर विसंबू नये.

साडी अस्सल जरीची निघाली, तर कापड धड असल्यास ती नेसणारी, आणि रेशीम जीर्ण असले तरी त्यातून काठ-पदर सोडवून नव्या कापडावर लावून घेणारी गिऱ्हाइके आमच्याकडे आहेत. ज्या विणीला महिने लागले, तिची राख होण्याआधी हा पर्याय आपल्याला ठाऊक असावा, एवढ्यासाठी हे लिहिले.

आजीची नऊवारी लुगडी कोणी घेते का?

घेते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. इरकली आणि जुनी सुती लुगडी नृत्य शिकणाऱ्या मुली व लेझीम-ढोलपथकांतील स्त्रिया आवर्जून मागतात. विरलेले मऊ लुगडे मात्र आमच्याकडे आणू नये. त्याची गोधडी शिवून घ्यावी, किंवा घरात बाळ येणार असेल तर दुपटी आणि झबली करावीत. बाळाला आधी जुन्याचे घालण्याची आपल्याकडची रीत कापडाचा मऊपणा जाणूनच पडलेली असावी.

साडीबरोबर ब्लाउज द्यावा का?

शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असेल तर द्यावा. दोन्ही बाजूंना दीड इंच माया असलेला ब्लाउज उसवून दुसरीच्या मापाचा होतो. माया नसलेला ब्लाउज फुकटही कोणी नेत नाही.

शाळेचे गणवेश आणि लग्नाचे पोशाख केव्हा आणावेत?

गणवेश एप्रिल-मे महिन्यांत आणावेत, कारण जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि त्याआधीच्या तीन आठवड्यांत आमच्याकडील जवळपास सगळे गणवेश जातात. ऑगस्टमध्ये आणलेला गणवेश पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतो आणि तेवढ्यात शाळेने रंग बदलला तर वाया जातो. लग्नाचे पोशाख दिवाळीच्या आधी आणावेत, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तेव्हा ते दुकानात लागलेले असतात. पितृपक्षात खरेदी मंदावते, पण आम्ही माल घेणे थांबवत नाही. उलट त्या पंधरवड्यात गर्दी कमी असल्याने आपला माल निवांतपणे पाहता येतो.

बोहारणीला द्यावे की दुकानाला?

दोघांनाही द्यावे. हे सौजन्यापोटी म्हटलेले नाही. हा धंदा आमच्यासारख्या दुकानांच्या कितीतरी आधीपासून डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या, मुख्यतः गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रियांनी उभा केला आणि आजही त्याच तो मोठ्या प्रमाणावर चालवतात. स्टीलचे पातेले देऊन त्या जो ढीग नेतात, त्यातील एकेक कपडा पुढे निवडला जातो, धुतला जातो, रफू होतो, त्याला बटणे लागतात आणि तो आठवडी बाजारात किंवा घाऊक बाजारात विकला जातो. दिल्लीच्या रघुबीर नगरमध्ये अशा कपड्यांची मंडी पहाटे उजाडण्यापूर्वी भरते.

आमच्या दुकानाला दुरुस्ती फारशी परवडत नाही. गुडघ्यावर फाटलेली पँट किंवा चेन गेलेला फ्रॉक आम्ही परत करतो, बोहारीण मात्र तो घेते आणि त्यातून कोणाला तरी पन्नास रुपयांत कपडा मिळतो. म्हणून धडके, चांगल्या प्रतीचे नग आमच्याकडे आणावेत आणि दुरुस्तीचे तिच्यासाठी ठेवावेत. तिच्याशी एका वाटीसाठी अर्धा तास घासाघीस करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. कापड उजेडावर धरून दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहण्याची पद्धत आम्ही अशाच एका मावशींकडून शिकलो. त्या आमच्या गल्लीत येत असत आणि चिमटीत धरताच पॉलिस्टरची भेसळ सांगत असत.

घरातील निवर्तलेल्या व्यक्तीचे कपडे आपण घेता का?

घेतो. एवढीच सूचना करतो की दिवसकार्य आटोपल्याबरोबर सगळे एकदम बांधून आणू नयेत. तेव्हा घर रिकामे करण्याची घाई असते आणि पुढे एखादा स्वेटर तरी ठेवायला हवा होता, असे वाटणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आम्ही आपल्याला कपड्यांचा इतिहास विचारत नाही. परंतु एखाद्या गिऱ्हाइकाने सरळ विचारले आणि आम्हाला ठाऊक असेल, तर आम्ही खरे सांगतो. काहींना ते चालत नाही आणि त्यांना नकार देण्याचा अधिकार आहे.

ओळखपत्र आणि मालकीविषयी विचारणा कशासाठी?

चोरीचा माल आमच्याकडे येऊ नये, यासाठी. अठरा वर्षांखालील मुलांकडून पालकांशिवाय आम्ही काही घेत नाही. कोणी पत्नीच्या किंवा सुनेच्या साड्या घेऊन आल्यास त्यांच्याशी स्वतः बोलल्याशिवाय आम्ही व्यवहार करत नाही. लग्नात स्त्रीला मिळालेले दागिने, कपडे व इतर वस्तू हे तिचे स्त्रीधन असून त्यावर तिचीच पूर्ण मालकी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. एका फोनने काही गृहस्थांना अपमान वाटतो, पण हा नियम आम्ही कोणासाठीही मोडलेला नाही.

मिळालेल्या पैशांवर कर भरावा लागतो का?

स्वतःचे वापरलेले कपडे विकणाऱ्या घरगुती व्यक्तीला त्यासाठी जीएसटी नोंदणी करावी लागत नाही, कारण तो तिचा व्यवसाय नसतो. प्राप्तिकर कायद्यात अंगावरचे कपडे वैयक्तिक वापराच्या वस्तूंमध्ये मोडतात आणि भांडवली मालमत्तेत धरले जात नाहीत, म्हणून त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. अपवाद एकच, पण तो लक्षात ठेवावा: कपड्यावर शिवलेले मौल्यवान धातूचे दागिने आणि रत्ने कायद्याच्या दृष्टीने जडजवाहीर ठरतात आणि त्यांना ही सूट नाही. कपडे विकत घेऊन नियमित विकण्याचा उद्योग आपण करत असाल, तर मात्र हिशेब वेगळा होतो आणि सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

परदेशातील नातेवाइकांनी दिलेले कपडे चालतील का?

वैयक्तिक सामानातून आलेले एक-दोन नग चालतात. जाड जॅकेटे पुण्याच्या थंडीसाठी फार होतात, तरी हिमालयात जाणारी मंडळी ती घेतात. मात्र विक्रीसाठी वापरलेले कपडे घाऊक मागवण्यावर आपल्या आयात धोरणात निर्बंध आहेत, त्यामुळे तशा गोण्या आम्ही स्वीकारत नाही.

आपण न घेतलेल्या कपड्यांचे काय करावे?

लोकरीचे फाटके कपडे वाया जात नाहीत. पानिपतमध्ये अशा कपड्यांची बटणे, चेन काढून, रंगानुसार वेगळे करून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढले जाते. रंगवारी आधीच झालेली असल्यामुळे ते नव्याने रंगवण्याची गरज पुष्कळदा पडत नाही. या ‘शॉडी’ सुताची घोंगडी आपत्तीत मदत म्हणून वाटली जातात. आपल्याकडील लोकरीच्या चिंध्या आम्ही वेगळ्या गोणीत गोळा करतो आणि भंगारवाल्यामार्फत पुढे पाठवतो. त्याचे पैसे देत नाही. सुती फाटके कपडे घरीच पुसण्यासाठी वापरावेत. मळके, ओले किंवा बुरशी आलेले कपडे दान म्हणून कोणत्याही संस्थेला पाठवू नयेत, कारण ते निवडण्याचे आणि फेकण्याचे काम त्यांच्याच माणसांवर पडते.

विकल्यानंतर साडी परत हवीशी वाटली तर?

रोखीने घेतलेला प्रत्येक नग आम्ही सात दिवस मागच्या खोलीत ठेवतो आणि त्यानंतरच दुकानात लावतो. त्या मुदतीत पावती आणि घेतलेली रक्कम आणून दिल्यास नग परत मिळेल आणि कारण विचारले जाणार नाही. आठव्या दिवशी सकाळी तो लावला जातो. त्यानंतर तो विकला गेला असेल, तर घेणाऱ्याचे नाव किंवा पत्ता आम्ही देत नाही.